दोन वाटांवरचा ढीग

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे मी तुला वाचून दाखवावं तसं लिहिते आहे. लिहिताना माझे ओठ हलतात. सुनेनं परवा विचारलं, "आई, कोणासंगं बोलून राह्यल्या?" मी म्हटलं, जप करते. तिला ते पटलं. या वयाच्या बाईनं जप करावा असं सगळ्यांनाच वाटतं. तुझ्यानंतर घरची चूल माझ्याकडे आली आणि शाळा पाचवीतच सुटली, हे तुला ठाऊक नसेल. वाचायचं मात्र मी सोडलं नाही. मीठ-मिरची बांधून आलेले कागद चुलीसमोर सरळ करून वाचायची, अडलेला शब्द दिवसभर तोंडात घोळवायची, आणि असं करत करत कधीतरी पुस्तकांपर्यंत पोचले. पुस्तकांत भुताखेतांच्या गोष्टी पुष्कळ सापडल्या. आपल्यासारखी एकही नाही सापडली. आपल्या गोष्टीत भूत नव्हतंच, आणि त्यामुळेच ती मला अजून नीट कळलेली नाही.

चांदा जिल्ह्यातलं ते लाकडाच्या डेपोचं गाव. बाबा जंगलखात्यात नाकेदार, जंगलाचा एक तुकडा रोज पायी फिरून राखायचे. तू ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या बांध्यांमधून आलेली, जिथं अंगणात उभं राहिलं की नजर पार नदीपर्यंत जाते. इथं कुंपणाच्या पलीकडेच नजर अडायची. तू म्हणायचीस, या गावात आभाळ तेवढं आपलं, बाकी सारं सरकारचं. त्या वर्षी शाळेत नव्या बाई आल्या. नागपूरकडच्या, तरुण, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि गाईडचं शिबिर करून आलेल्या. त्यांनी आम्हा मुलींचं पथक काढलं. पहिली पायरी कोमलपद. वचन, नियम, सलामी, गाठी, जंगलातल्या मागाच्या खुणा, एवढं सगळं आलं की छातीवर लावायला बिल्ला. बाबा हसले. पोरीनं बिल्ला लावून काय जंगल राखाचं हाय, म्हणाले. तू भाकर थापत होतीस. वर न पाहता म्हणालीस, "तुमी लावता, तं का झाडं वाढून राह्यले?" बाबांनी आपल्या पट्ट्यावरच्या पितळी बिल्ल्याकडे पाहिलं आणि जेवायला बसले. माझी परवानगी अशी मिळाली.

मी नियम घोकायची आणि तू ऐकायचीस. माझ्या आधी तुझेच पाठ झाले. मी मध्येच अडले की तू जात्यावरून पुढचा नियम सांगायचीस. रोज एक सत्कृत्य करायचं, हे तुला फार गमतीचं वाटलं. बायकांनी दिवसभर दुसरं काय करायचं असतं, असं विचारून तू पुन्हा दळायला लागलीस. गाईड एकमेकींशी डावा हात मिळवतात, हे ऐकल्यावर मात्र तू हातातलं सूप खाली ठेवलंस. "डावा हात? थो हात कोणाले देतेत काय वं? तुह्या बाईले कोणी शिकवलं नाई का?" मी सांगितलं, डावा हात हृदयाच्या जवळ असतो. तू थोडा वेळ आपल्या डाव्या हाताकडे पाहत राहिलीस, जणू त्याच्याशी आजवर कोणी नीट बोललंच नव्हतं. गाठींचं तर विचारूच नको. बाईंनी फळ्यावर काढून दाखवलेली खुंट्याची गाठ तू वासराच्या दाव्यानं डोळे मिटून बांधलीस.

मग आला माग. दगडावर दगड ठेवला म्हणजे हाच रस्ता. शेजारी उजवीकडे आणखी एक दगड म्हणजे उजवीकडे वळा. गवताच्या जुडीला गाठ, काटक्यांचा बाण, नको त्या वाटेवर फुली. परीक्षा अशी होती की घरचं एक माणूस सोबत घेऊन मुलीनं जंगलात माग मांडायचा, दुसऱ्या दिवशी बाई त्या मागावरून एकट्या चालत शेवटापर्यंत येणार, आणि त्या पोचल्या की जिनं माग मांडला तिनंच सगळ्या खुणा मोडायच्या. जंगल होतं तसं करून ठेवायचं. हे शेवटचं केलं नाही तर बिल्ला नाही.

मोहफुलांचे दिवस आहेत. आपण दोघी सकाळी टोपली घेऊन निघतो. तू ते नवं हिरवं लुगडं नेसली आहेस, पिवळ्या काठाचं. परीक्षेला जाताना जुनं नेसायचं नसतं म्हणतेस, परीक्षा माझी असली तरी. नाल्याच्या अलीकडे जिथं दोन वाटा फुटतात, एक पलीकडच्या टोल्याकडे, जंगलातल्या त्या लहान वस्तीकडे, आणि एक बांबूच्या रांजीतून मोठ्या मोहाकडे, तिथं मी दगडावर दगड ठेवते, शेजारी तिसरा. तू कमरेवर हात ठेवून पाहतेस. एवढंसं त्या चष्मेवाल्या बाईला कसं दिसणार, हा तुझा प्रश्न. नाल्याकाठच्या जांभळाची हिरवी डहाळी मोडून आणतेस आणि वाकून दगडांवर आडवी ठेवतेस. मग आपण रांजीत शिरतो.

वाघानं माणूस नेलं तर त्या जागेवरून जाणारा-येणारा एक दगड आणि एक हिरवी डहाळी टाकून पुढे जातो, ही त्या भागातली चाल तुला माहीत नव्हती असं नाही. पण ती टोल्यावरच्या लोकांची चाल, आपल्या गावच्या बाजूला तसा ढीग कुठं नव्हता, आणि त्या क्षणी तुझ्या डोक्यात फक्त बाईंचा चष्मा होता.

दुसऱ्या दिवशी बाईंना हिवताप भरला. परीक्षा पुढे गेली. मध्ये बाजाराचा दिवस येऊन गेला, टोल्यावरची माणसं त्या वाटेनं आली आणि गेली. बाईंना उतार पडला तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, आठवड्यानं येते. खुणा जागेवर आहेत का ते पाहायला आपण दोघी आधी गेलो. त्या दिवशी तू जुनं लुगडं नेसली होतीस.

ढीग माझ्या गुडघ्याच्या वर आला होता. खाली वाळलेल्या डहाळ्या, त्यांच्यावर कोमेजलेल्या, वर ताज्या, मध्ये मध्ये दगड, बाजूला हळदीचे चार तांदूळ. पाखरं बोलत होती. मोहाचा आंबट-गोड वास येत होता. काहीच थांबलेलं नव्हतं, आणि तरी मला वाटलं की आपण कोणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आहोत. तेवढ्यात टोल्याकडून एक बुढी मोळी घेऊन आली. मोळी उतरवली, डहाळी टाकली, क्षणभर उभी राहिली. तू तिला विचारलंस, कोण गेलं.

बुढी म्हणाली, "बाई होती. हिरवं लुगडं, पिवळा काठ. वाकून मोह येचत होती. संगं पोरगी होती. माह्या नातसुनेनं पाठीकून पाह्यलं. डोक्शावरची मोळी सावरली तंवर दोघीबी नाई."

मी तुझा पदर धरला. तू हसलीस, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "थे मीच होती व माय. पाहा ना, जित्ती हावो. हे माही पोरगी."

बुढीनं तुझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर ना भीती होती ना आश्चर्य. हरवलेलं ढोर सापडल्यावर माणूस पाहतं तसं ती पाहत होती. म्हणाली, ढीग पडला की तो कोणाचा तरी असतोच. टाकलेली डहाळी उचलायची नसते. जागा मोडली तर ते माणूस बसायला जागा शोधत फिरतं. मग तिनं मोळी डोक्यावर घ्यायला हात मागितला, तू तिला उचलू लागलीस, आणि जाताना ती सहज म्हणाली, "आली हायेस तं एक टाकून जा. तशी जाऊ नोको." तू जांभळाकडे गेलीस, डहाळी मोडलीस आणि आपल्याच ढिगावर टाकलीस. घरी येताना वाटेत म्हणालीस, "चाल, आपली तेरवीबी झाली असन. जेवाले बलावलं नाई कोणी." मी हसले. तू हसली नाहीस.

त्यानंतरचे दिवस मला सगळ्यांत विचित्र आठवतात, माय. टोल्यावरच्या बायका डेपोवर मोह विकायला यायच्या आणि तू दिसलीस की आधी तुझ्या पायांकडे पाहायच्या. एकदा तू लुगडं घोट्याच्या वर धरून उभी राहिलीस. "पाहून घ्या एकडाव. सरळच हायेत." सगळ्या हसल्या. हसता हसता पाहूनही घेतलं. एकीनं कडेवरच्या लेकराचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. गोष्ट गावभर झाली, आणि तुला ओळखणाऱ्या बायकासुद्धा ती तुलाच सांगायला लागल्या. ती बाई धानाच्या मुलखातली होती. मोह वेचताना गुणगुणायची. पोरगी शाळेत हुशार होती. सगळं खरं होतं, आणि ते त्यांनी कुठून आणलं होतं कोण जाणे. तू आधी वाद घालायचीस. नंतर नंतर ओट्यावर बसून नुसती ऐकायला लागलीस. एका दुपारी बाबांना वाढताना म्हणालीस, "चांगली होती म्हणतेत थे बाई." बाबांनी विचारलं, कोण? तू म्हणालीस, "मी."

बाई त्या मागावरून चालत आल्या तेव्हा ढिगापाशी थोड्या थांबल्या आणि पुढे आल्या. मोठ्या मोहाखाली मी सलामी दिली. त्यांनी माग बरोबर मांडला म्हणून पाठ थोपटली. आता मोडा, म्हणाल्या. मी तुझ्याकडे पाहिलं. तू सगळं सांगितलंस. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. भीती वाटत असेल तर राहू द्या, माझी सक्ती नाही, पण मग कोमलपद तिला देता येणार नाही, नियम सगळ्या मुलींना सारखा, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. चांगल्या होत्या ग त्या. त्यांच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती.

घरी बाबांनी साफ सांगितलं, हात लावायचा नाही. मले याच लोकायमंधी फिराचं हाय, म्हणाले. बिल्ला गेला तर गेला. मी कोपऱ्यात रडत होते, आणि खरं सांगायचं तर बिल्ल्यासाठी रडत होते. तू उठलीस. वासराला पाणी दाखवून आलीस, हात धुतलेस. मग बाबांसमोर उभी राहून म्हणालीस, "ढीग माह्या नावाचा हाय ना? मंग ठेवाचा का मोडाचा, थे मीच पाहीन. मले जित्तेपणी कोणी मेली म्हनाव, हे मले चालत नाई." तुझ्या आवाजात तेव्हा भीती नव्हती. राग होता, आणि तो टोल्यावरच्या लोकांवर नव्हता. ज्या बाईला सगळे चांगली म्हणत होते तिच्यावर होता, असं मला आता वाटतं.

सकाळच्या उन्हात आपण तो मोडला. मला तू डहाळ्यांना हात लावू दिला नाहीस. मी दगड उचलून नाल्यात नेऊन ठेवायची. तू एकेक डहाळी काढून झाडांच्या बुंध्यांशी टेकवत होतीस, एकही मोडली नाहीस, फेकली नाहीस. पाहुणे उठून गेल्यावर सतरंजी झाडावी तसं तुझं चाललं होतं. तळाशी आपले तीन दगड जसेच्या तसे निघाले, त्यांच्यावर तुझी जांभळाची डहाळी काळी पडलेली. तिच्याखाली पळसाच्या पानाची पुडी होती. तू उघडलीस. आत कापडाचा तुकडा होता, हिरवा, एका बाजूला पिवळा काठ.

तू तो बोटांत चुरून पाहिलास. "हे तं माहंच हाय," म्हणालीस. घरी येऊन लुगडं उलगडलं तर काठापाशी तेवढंच फाटलेलं होतं. ते आधी दिसलं तेव्हा तू उंदराला दोष दिला होतास. रांजीत शिरताना काट्याला अडकलं असणार, कोणाला तरी तो तुकडा काट्यावर सापडला, आणि त्यांनी तुझं जेवढं हाती लागलं तेवढं मांडून ठेवलं. सगळं सरळ होतं. बाबा म्हणाले, जाळून टाक, लुगडंही जाळ. तू सुईत दोरा ओवत म्हणालीस, नवं लुगडं जाळतेत काय, आणि दारात उजेडाला बसून तो तुकडा जागच्या जागी शिवलास. हिरवा दोरा नव्हता, काळ्या दोऱ्यानं शिवलास. टाके इतके बारीक की हात फिरवल्यावरच लागायचे. आपल्याच ढिगातून काढलेलं ठिगळ आपल्याच अंगावर लावून तू दुसऱ्या दिवशी शाळेत आलीस, माझा बिल्ला पाहायला. बाईंनी मला बिल्ला लावला, डावा हात मिळवला, आणि मग तुझ्याकडे वळल्या. तू त्यांच्या आधी डावा हात पुढे केलास. मोहाच्या सगळ्या हंगामात बाहेरच्या कोणी तुला हात लावलेला तो पहिला. तू तो लवकर सोडला नाहीस.

पावसाळ्यात नाला भरला आणि तुला ताप आला. वाघ नाही, काही नाही. ताप. त्या भागात तेव्हा पुष्कळ लोक तापानं जायचे. बाबांनी बैलगाडी जुंपली, नाल्यानं परत पाठवली. तू अंगणाकडे तोंड करून पडली होतीस. मी उशाशी होते. दुपारची वेळ होती, पाऊस उघडला होता, अंगणात ऊन पडलं होतं. तू अगदी शुद्धीतल्यासारखी म्हणालीस, "तिथी बसाले जागाच नाई ठेवली वं आपण." मी विचारलं, कुठी? तू माझ्याकडे असं पाहिलंस की हे मला ठाऊक असायला हवं. त्यानंतर तू बोलली नाहीस.

नदीवर नेलं तुला. बाबा काही दिवसांनी पुन्हा फेरीवर गेले. परत आले तर पायांच्या पट्ट्या न सोडता ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. म्हणाले, ढीग आहे. पहिल्यापेक्षा मोठा आहे. मी म्हटलं, लोकांनी आता टाकला असेल, माय गेल्याचं ऐकून. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. "खालच्या डहाळ्या पार वाळून गेल्या हायेत. पाणी पडाच्या आधीच्या हायेत." म्हणजे तू तो मोडून घरी आलीस, लुगडं शिवलंस, शाळेत येऊन हात मिळवलास, पेरणी करू लागलीस, तेव्हा तिकडे तो पुन्हा वाढतच होता. मोडलेला दिसला म्हणून कोणीतरी पुन्हा मांडला असणार. वाईट मनानं नव्हे. तू बसायला जागा शोधत फिरू नयेस म्हणून. बाबांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी बी टाकली एक." पुढच्या वर्षी त्यांनी बदली मागून घेतली.

तुझा जावई चांगला माणूस होता. त्याला मी हे सगळं सांगितलं होतं. तो म्हणायचा, चल, एकदा जाऊन येऊ, एक डहाळी टाकू, तुझ्या मनाला बरं वाटेल. मी आज उद्या करत राहिले. तोही गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याच्यासाठी रडताना मला कळलं की रडणं एकदाच शिकावं लागतं, ते मी तुझ्याजवळ शिकले होते.

परवा नात आली होती. तू गेलीस त्या वयाची आहे ती, आणि अंगणात वाकून काही उचलायला लागली की मी तिला मागून हाक मारत नाही. समोर जाऊन बोलते. तिच्याकडे गाडी आहे. म्हणाली, आजी, तुझं ते डेपोचं गाव पाहू, वाट आठवते का? मी म्हटलं, नाही ग, इतकी वर्षं झाली.

वाट आठवते, माय. नाला आठवतो, जांभूळ आठवतं, कुठून उजवीकडे वळायचं ते आठवतं. तिथं ढीग असेल तर इतकी वर्षं अनोळखी माणसांनी तुझी जागा राखली, तू तिथं नीट बसली आहेस, आणि मला समाधान वाटायला हवं. नसेल तर बुढीनं सांगितलं तसं तू जागा शोधत फिरत असशील. हे लिहून झाल्यावर मी घडी घालून ठेवणार आहे, पाठवायला तोच एक पत्ता आहे आणि तिथं मी जाणार नाही. दुपारी घरात कोणी नसलं की मी दाराला कडी लावत नाही. सून रागावते. मी तिला सांगितलेलं नाही, तुला सांगते. तो ढीग तिथं नसावा, असंच मला मनापासून वाटतं.